‘९० टक्के अचूक’ ट्रेडिंग सिस्टीम खरंच असते का? नियमांवर चालणारं ट्रेडिंग तपासतात कसं, ते समजून घेऊया!

कांजूरमार्ग स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडलं की शेजारीच काचेच्या इमारतींचा एक कॅम्पस दिसतो. तुम्ही आयपीओचं माहितीपत्रक कधी शेवटपर्यंत वाचलं असेल (फारसं कोणी वाचत नाही म्हणा!), तर त्यात बँकेच्या पत्त्याच्या रकान्यात हे नाव दिसलं असेल: आय थिंक टेक्नो कॅम्पस, कांजूरमार्ग पूर्व, मुंबई ४०० ०४२. हा एचडीएफसी बँकेच्या एका विभागाचा पत्ता. पश्चिमेला बाहेर पडलात, तर पवईला आयआयटीकडे जाणाऱ्या रिक्षा मिळतात. तिथली गणितात हुशार मुलं पुढे मोठमोठ्या ट्रेडिंग कंपन्यांत जातात आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात सौदे करणारे प्रोग्रॅम लिहितात.

या दोन्हींच्या मध्ये राहतो तुमच्या-आमच्यासारखा माणूस. सकाळच्या लोकलमध्ये एका हाताने वरची कडी धरलेली, दुसऱ्या हातात मोबाईल, मोबाईलवर टेलिग्रामचा ग्रुप आणि ग्रुपवर मेसेज: “आमचा अल्गो, अचूकता ९० टक्के. तुम्ही ऑफिसला जा, पैसे तो कमावेल.”

मंडळी, आज या अल्गोच्या पोटात काय असतं ते बघूया. अशी सिस्टीम बनवायची कल्पना येते कुठून, ती खरी की खोटी हे तपासतात कसं आणि तपासताना हुशार माणसंही कुठे फसतात? हे कळलं की वरच्या मेसेजला काय विचारायचं ते आपोआप समजेल.

आधी थोडे आकडे

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये सौदे करणाऱ्या १ कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. सरासरी तोटा, खर्च धरून, माणशी सुमारे २ लाख रुपये. सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींच्या वर. खर्च वजा जाता एक लाखापेक्षा जास्त नफा कमावणारे होते फक्त १ टक्का. आणि या ट्रेडर्समध्ये सर्वात मोठा वाटा होता महाराष्ट्राचा, साधारण पाचवा हिस्सा.

त्याच अभ्यासातला दुसरा आकडा अल्गो विकणाऱ्यांच्या फार आवडीचा आहे. २०२४ च्या आर्थिक वर्षात परदेशी संस्थांनी या बाजारात जो नफा कमावला त्यातला ९७ टक्के आणि प्रॉप्रायटरी ट्रेडर्सनी कमावला त्यातला ९६ टक्के नफा अल्गोरिदमने केलेल्या सौद्यांमधून आला. यावरून लोक थेट ‘अल्गो घेतला की नफा’ असं गणित मांडतात. पण त्या संस्थांकडे नुसता प्रोग्रॅम नसतो. एक कल्पना वापरण्याआधी टाकून दिलेल्या शंभर कल्पना असतात. आपल्याला हप्त्यावर विकला जातो तो प्रोग्रॅम. तपासणी कोणी विकत नाही.

यांत्रिक सिस्टीम म्हणजे काय?

‘मला वाटतंय मार्केट वर जाईल’ हा अंदाज झाला. ‘निफ्टी मागच्या २० दिवसांतल्या सगळ्या बंद भावांच्या वर बंद झाला, तर दुसऱ्या दिवशी बाजार उघडताच घ्यायचा, मागच्या १० दिवसांतल्या सगळ्या बंद भावांच्या खाली बंद झाला, तर दुसऱ्या दिवशी उघडताच विकायचा’ ही सिस्टीम झाली. फरक एवढाच की दुसरं वाक्य तुमच्या शेजाऱ्याला, आत्याला किंवा कॉम्प्युटरला दिलं तरी तिघेही त्याच दिवशी तोच सौदा करतील. तिघांचं उत्तर वेगळं येत असेल तर नियम अजून पूर्ण लिहिलेला नाही असं समजायचं.

नियम पूर्ण लिहिणं वाटतं त्यापेक्षा कठीण असतं. किती नग घ्यायचे? पैसे किती गुंतवायचे? सुट्टीच्या आदल्या दिवशी काय? एक सौदा चालू असताना पुन्हा सिग्नल आला तर? ‘मार्केट कमजोर वाटलं तर थांबायचं’ असं एक जरी वाक्य मध्ये घुसलं तर तपासणी संपलीच, कारण ‘वाटलं’ची जुनी नोंद कुठल्याच एक्स्चेंजकडे मिळत नाही.

वर दिलेला नियम आम्ही शोधलेला नाही. तो खूप जुना आहे. अमेरिकेत रिचर्ड डॉन्चियन यांनी असे नियम रुळवले. पुढे १९८३ मध्ये शिकागोचे रिचर्ड डेनिस आणि त्यांचे सहकारी विल्यम एकहार्ट यांच्यात वाद झाला की ट्रेडिंग शिकवता येतं की उपजतच असावं लागतं. डेनिस यांनी जाहिरात देऊन माणसं निवडली, त्यांना जेमतेम दोन आठवडे नियम शिकवले आणि सौदे करायला पैसे दिले. सिंगापूरला कासवं वाढवतात तसे आपण ट्रेडर वाढवू, असं म्हणून त्यांना ‘टर्टल्स’ हे नाव पडलं. त्यांच्या नियमांत २० दिवसांचा आणि ५५ दिवसांचा उच्चांक मोडण्याचा नियम होता. त्यातल्या काहींनी पुढे चांगलेच पैसे कमावले, आणि ‘आपणही हेच करू’ म्हणणाऱ्यांची रांग तेव्हापासून लागली ती आजपर्यंत संपलेली नाही.

चला, खऱ्या दिवसांवर लावून बघू

हा २०/१० चा नियम २०२४ च्या निवडणुकीच्या काळात कसा वागला असता ते बघूया. आकडे निफ्टी ५० चे आहेत.

२३ मे २०२४ ला निफ्टी २२,९६७.६५ वर बंद झाला. मागच्या २० दिवसांत याच्या वर कधीच बंद झाला नव्हता. सिग्नल मिळाला, दुसऱ्या दिवशी साधारण २२,९५० च्या आसपास खरेदी. मग ३ जून उजाडला. एक्झिट पोल बघून बाजार खूष होता, निफ्टी २३,२६३.९० वर बंद. सिस्टीम नफ्यात, तुम्ही खुशीत.

४ जूनला निकाल. दिवसभरात निफ्टी एका क्षणी २१,२८१ पर्यंत गेला. म्हणजे आदल्या दिवसापेक्षा जवळपास दोन हजार अंक खाली. बंद झाला २१,८८४.५० वर. नियम काय सांगतो? दिवसभर काही करू नका, बंद भाव बघा, तो १० दिवसांतला सर्वात खालचा असेल तर उद्या सकाळी विका. तो होताच. ५ जूनला सकाळी साधारण २२,१०० च्या पुढेमागे विक्री. तोटा आठशे अंकांच्या आसपास.

आणि मग? ५ जूनला निफ्टी २२,६२० वर बंद, ६ ला २२,८२१ वर, ७ ला २३,२९०.१५ वर. हा पुन्हा २० दिवसांतला सर्वात वरचा बंद भाव! म्हणजे जिथे विकलं त्याच्यापेक्षा बाराशे अंक वर, सोमवारी १० जूनला, परत खरेदी करा म्हणून सिस्टीम सांगते. खरं सांगा, तुम्ही केली असती?

ज्याने केली तो पुढे ५ ऑगस्टपर्यंत सौद्यात राहिला. त्या दिवशी जपानमधल्या पडझडीचे धक्के जगभर बसले आणि निफ्टी २४,०५५.६० वर बंद झाला. विक्रीचा सिग्नल आला, दुसऱ्या दिवशी २४,२०० च्या आसपास विक्री. नफा साधारण नऊशे अंक.

म्हणजे अडीच महिन्यांत एक मोठा तोटा, एक मोठा नफा, आणि खर्च वजा जाता हातात जवळपास काहीच नाही. पण ज्याने १० जूनची खरेदी ‘आता नको बाबा’ म्हणून सोडली, त्याच्या हातात फक्त तोटा राहिला. सिस्टीम तीच, नियम तोच, निकाल वेगळा. कागदावर नियम पाळणं सोपं असतं, कारण कागदावर ४ जूनची दुपार एका ओळीत संपते.

आता दोन सौद्यांवरून हा नियम चांगला की वाईट हे ठरवता येईल का? अजिबात नाही. त्यासाठी पंधरा-वीस वर्षांचा डेटा आणि शे-दोनशे सौदे लागतात. यालाच बॅकटेस्ट म्हणतात. निफ्टीचे जुने भाव एनएसईच्या वेबसाईटवरून फुकट उतरवून घेता येतात, आणि हा साधा नियम एक्सेलमध्येही तपासता येतो. प्रोग्रॅमिंग आलंच पाहिजे असं नाही. मात्र डेटा हातात आला की खऱ्या गमती सुरू होतात.

डेटा खोटं बोलत नाही, पण पूर्ण खरंही सांगत नाही

एचडीएफसी बँकेचाच शेअर घ्या. १९ सप्टेंबर २०१९ ला तो सुमारे २,२०० वरून एका रात्रीत सुमारे १,१०० वर आला. घाबरू नका, शेअरचं विभाजन झालं होतं, एकाचे दोन. ज्यांच्याकडे शंभर शेअर होते त्यांच्याकडे दोनशे झाले. पण तुम्ही रोजची भावकॉपी जशीच्या तशी वापरली, तर तुमच्या सिस्टीमला त्या दिवशी पन्नास टक्क्यांचा क्रॅश दिसेल. क्रॅशमध्ये खरेदी करणारी सिस्टीम असेल तर तिला तिथे फुकटचा नफा किंवा तोटा दिसेल. म्हणून बोनस आणि विभाजन धरून भाव आधी दुरुस्त करून घ्यावे लागतात.

दुसरा दिवस ५ ऑक्टोबर २०१२. एका ब्रोकरकडून चुकीच्या ऑर्डर गेल्या, सुमारे ६५० कोटी रुपयांच्या, आणि काही क्षणांत निफ्टी नऊशेच्या आसपास अंक कोसळला. व्यवहार थांबवावे लागले. त्या दिवसाच्या कँडलला खाली एक लांबलचक शेपटी आहे. ‘दिवसाच्या नीचांकाला खरेदी झाली’ असं तुमची बॅकटेस्ट म्हणत असेल, तर तो भाव तुम्हाला खरंच मिळाला असता का, हे स्वतःलाच विचारा.

तिसरी गोष्ट सगळ्यात फसवी. समजा तुम्ही म्हणालात, ‘आजचे निफ्टीतले ५० शेअर घेतो आणि १५ वर्षं मागे जाऊन तपासतो.’ निकाल झकास येणार! कारण तुम्ही शर्यत संपल्यावर जिंकलेले घोडे निवडलेत. युनिटेक, सुझलॉन, रिलायन्स कम्युनिकेशन्स, जयप्रकाश असोसिएट्स हे सगळे एकेकाळी निफ्टी ५० मध्ये होते. सत्यमही होता. ७ जानेवारी २००९ ला रामलिंग राजूंनी घोटाळ्याची कबुली दिली आणि त्याच महिन्यात तो निफ्टीतून बाहेर पडला. येस बँक २०२० मध्ये गेली. त्या त्या वर्षी जो माणूस ‘निफ्टीतले शेअर’ घेत होता, तो हेही घेत होता. तपासणीत हे नसतील, तर ती तपासणी नशीबवानांची आहे.

चौथी चूक नवखे हमखास करतात: उद्याचा पेपर आज वाचणं. बंद भाव साडेतीननंतर कळतो. त्या भावावरून सिग्नल काढायचा आणि खरेदी मात्र त्याच दिवशी सकाळी सव्वानऊच्या भावाने दाखवायची. एक्सेलमध्ये एक ओळ चुकली की हे होतं, आणि आलेख इतका सुंदर दिसतो की चूक शोधायची इच्छाच होत नाही. आमचा तर साधा नियम आहे: बॅकटेस्टचा आलेख जिन्यासारखा सरळ वर जात असेल, तर आधी ओळी तपासायच्या.

मटक्याचे चार्ट आठवतात?

ज्यांनी जुनी मुंबई बघितली आहे त्यांना हे लगेच कळेल. १९६० च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या नावाने मटका फोफावला. सुरुवात न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावांवर पैज लावण्यापासून झाली होती, पुढे पत्ते काढून आकडे ठरू लागले. गिरणगावात आणि उपनगरांत लोक जुन्या आकड्यांचे चार्ट जपून ठेवायचे. ‘गुरुवारी सत्ता आला की शनिवारी दुरी येते’ असे नियम काढायचे. आणि गंमत म्हणजे जुन्या चार्टवर ते नियम बरोबर यायचेही!

का नाही येणार? हजारो आकड्यांमध्ये पुरेसे नियम लावून बघितले की काही ना काही जुळणारच. शेअर बाजारात याच रोगाला ओव्हरफिटिंग म्हणतात, म्हणजे जुन्या डेटाच्या मापाने कपडे शिवणं.

साधं गणित बघा. समजा एखादी कल्पना पूर्णपणे बिनकामाची आहे, तरी केवळ योगायोगाने ती तपासणीत ‘पास’ होण्याची शक्यता ५ टक्के आहे. अशा २० बिनकामाच्या कल्पना तपासल्या, तर निदान एक तरी पास होण्याची शक्यता ६४ टक्के. शंभर तपासल्या तर ९९ टक्क्यांच्या वर. आणि कॉम्प्युटर तर एका रात्रीत दहा हजार तपासतो. २० दिवसांऐवजी १९, १० ऐवजी ७, त्यात सोमवार वगळा, त्यात आरएसआय ४३ च्या वर हवा... सकाळी उठून बघावं तर ‘सर्वोत्तम’ सिस्टीम तयार. ती मटक्याच्या चार्टचीच आधुनिक बहीण.

यावर उपाय काय? पहिला म्हणजे डेटा लपवून ठेवणं. २००५ ते २०१५ चा डेटा कल्पना घडवायला वापरा, २०१६ ते २०२० चा तिची परीक्षा घ्यायला, आणि त्यानंतरचा कुलपात ठेवा. कुलूप एकदाच उघडायचं. नापास झाली की ‘थोडा बदल करून’ परत त्याच डेटावर परीक्षा द्यायची नाही. पेपर फुटला की ती परीक्षा राहत नाही, हे महाराष्ट्रात कोणाला वेगळं सांगायला नको.

दुसरा उपाय शेजारपाजार बघायचा. २० दिवसांचा नियम चांगला चालतो ना, मग १८, २२, २५ दिवसांचाही बऱ्यापैकी चालायला हवा. फक्त १९ चालतो आणि १८ व २० आपटतात, तर १९ मध्ये काही जादू नाही, तो नशिबाचा आकडा आहे.

तिसरा आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा, पण त्यात कॉम्प्युटर लागत नाही म्हणून लोक तो टाळतात. स्वतःला विचारायचं: या सौद्यात मला पैसे देणारा माणूस कोण, आणि तो का देतोय? उदाहरणार्थ, एखादा शेअर निफ्टीत येणार हे जाहीर झालं की निफ्टीचे इंडेक्स फंड तो शेअर घेतातच, भाव आवडो न आवडो. इथे समोरचा का घेतोय हे तुम्हाला कळतंय. (अर्थात, हे इतरांनाही कळतं, म्हणून त्यातला फायदा आधीच वाटला जातो.) पण ‘तिसऱ्या बुधवारी हिरवी कँडल आली तर’ याला कारणच सांगता येत नसेल, तर आकडे कितीही चांगले असोत, ती कल्पना बाजूला ठेवलेली बरी.

‘९० टक्के अचूक’ असूनही तोटा

आता टेलिग्रामवरच्या त्या मेसेजकडे वळू. दहापैकी नऊ सौद्यांत ५०० रुपये मिळाले, एकात ६,००० गेले. अचूकता ९० टक्के, जाहिरात खरी. हिशेब? ४,५०० कमावले, ६,००० गमावले. दर दहा सौद्यांमागे १,५०० चा खड्डा. ऑप्शन विकणाऱ्या बऱ्याच सिस्टीम अशाच दिसतात. महिनोन्महिने थोडं थोडं येत राहतं आणि ४ जूनसारखा एक दिवस सगळं घेऊन जातो.

उलट बाजूने बघा. १०० पैकी ४० सौदे जिंकले, प्रत्येकात सरासरी ३,००० आले. ६० हरले, प्रत्येकात १,५०० गेले. म्हणजे १,२०,००० आले, ९०,००० गेले, दर सौद्यामागे सरासरी ३०० रुपये उरले. ही सिस्टीम चांगली आहे, पण तिच्याबरोबर जगणं अवघड. ६० टक्के सौदे हरणाऱ्या सिस्टीममध्ये शंभर सौद्यांत कधी ना कधी सलग आठ वेळा हरायची शक्यता जवळपास निम्मी असते. सलग आठ! पाचव्या हरण्यालाच लोक ‘अल्गो बिघडला’ म्हणून बंद करतात.

त्या ३०० रुपयांतून अजून खर्च जायचा आहे. एसटीटी, ब्रोकरेज, एक्स्चेंजचे शुल्क, त्यावर जीएसटी आणि स्टॅम्प ड्युटी. फ्युचर्सच्या विक्रीवरचा एसटीटी १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.०१२५ वरून ०.०२ टक्के झाला. आकडा चिमुकला वाटतो, पण २४,००० चा निफ्टी आणि ७५ चा लॉट धरला तर सौदा १८ लाखांचा, आणि एसटीटीचे ३६० रुपये फक्त एका विक्रीवर. वरच्या उदाहरणातली ३०० ची कमाई इथेच संपली! असे दर अर्थसंकल्पात बदलत असतात, म्हणून तपासणी करताना तेव्हाचे चालू दर घालायचे आणि वर थोडे जास्तच धरायचे. शिवाय स्लिपेज असतंच. तुम्ही २४,००० ला मागता, मिळतो २४,००३ ला. सेबीच्या त्याच अभ्यासात वैयक्तिक ट्रेडर्सनी तीन वर्षांत केवळ खर्चापोटी सुमारे ५०,००० कोटी रुपये भरल्याचं दिसलं. दिवसाला दहा सौदे करणाऱ्या सिस्टीम बहुतेक इथेच मरतात.

जाहीर तपासणी बघायची असेल तर

आपल्या वांद्रे-कुर्ला संकुलात एक यांत्रिक सिस्टीम सगळ्यांसमोर चालू आहे. एनएसईच्या इंडेक्स कंपनीने ऑगस्ट २०२० मध्ये ‘निफ्टी २०० मोमेंटम ३०’ हा निर्देशांक आणला. नियम छापील आहेत: मोठ्या २०० कंपन्यांमधून गेल्या ६ आणि १२ महिन्यांत, चढउताराच्या मानाने, ज्यांचे भाव सर्वात जास्त वाढले असे ३० शेअर घ्यायचे, आणि वर्षातून दोनदा, जून व डिसेंबरमध्ये, यादी बदलायची. माणसाचं मत कुठेच नाही.

या निर्देशांकाची सुरुवातीची तारीख मात्र १ एप्रिल २००५ आहे. म्हणजे २००५ ते २०२० चा आलेख मागे वळून मोजलेला, आणि त्यानंतरचा जिवंत. आधीचा भाग अर्थातच देखणा आहे, नाहीतर तो निर्देशांक निघालाच नसता! नंतर काही वर्षं तो जोरात चालला, त्यावर फंड निघाले, लोक आले. मग २७ सप्टेंबर २०२४ ला निफ्टीने २६,२७७ चा उच्चांक गाठला आणि बाजार उतरला, त्या उतारात हा निर्देशांक निफ्टी ५० पेक्षा बराच जास्त खाली गेला. मोमेंटमचा स्वभावच तो. म्हणून ही कल्पना खोटी ठरते असं नाही. पण कोणताही मागे मोजलेला आलेख बघताना ‘लाँच’ची तारीख शोधायची आणि त्याच्या उजवीकडचा भागच आधी वाचायचा, ही सवय लावून घ्या.

बाजाराचे नियमच बदलले तर?

तपासणी कितीही चोख असली तरी ती कालच्या बाजारावरची असते. अनेकांच्या सिस्टीम बँक निफ्टीच्या साप्ताहिक एक्स्पायरीवर उभ्या होत्या. सेबीने नियम बदलले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये बँक निफ्टीचे साप्ताहिक सौदे बंदच झाले. निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी वर्षानुवर्षं गुरुवारी असायची, सप्टेंबर २०२५ पासून ती मंगळवारी गेली. ‘गुरुवारी दुपारी दीड वाजता’ असं लिहिलेली सिस्टीम त्या दिवशी नुसती वही झाली.

आणि कधीकधी बाजारच बंद पडतो. २४ फेब्रुवारी २०२१ ला सकाळी ११.४० ला एनएसईचे व्यवहार तांत्रिक बिघाडामुळे थांबले, ते सुरू झाले पावणेचारला आणि चालले पाचपर्यंत. दुपारी सव्वातीनला सगळं विकून मोकळं व्हायचं असा ज्यांचा नियम होता, त्यांनी त्या दिवशी काय करायचं हे बॅकटेस्टमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं.

म्हणून बॅकटेस्टनंतर लगेच पैसे लावत नाहीत. आधी काही महिने कागदावर सौदे करायचे: रोजचा सिग्नल, मिळाला असता तो भाव, आणि वेळेवर केलं की विसरलो, हे सगळं लिहायचं. मग अगदी लहान रकमेने खरे सौदे. कागदावरचे भाव आणि खरे मिळालेले भाव यांतला फरक दोन-तीन महिन्यांत दिसू लागतो, आणि तो बहुतेक वेळा आपल्या विरुद्धच असतो.

विकत घेताय? मग हे बघा

सेबीने ४ फेब्रुवारी २०२५ ला सामान्य गुंतवणूकदारांच्या अल्गो ट्रेडिंगसाठी परिपत्रक काढलं. त्यानुसार अल्गोच्या ऑर्डरवर एक्स्चेंजने दिलेली ओळखखूण असायला हवी, आणि अल्गो ब्रोकरमार्फतच, एक्स्चेंजकडे नोंदवून देता येतो. ज्याचे नियम ग्राहकाला दिसत नाहीत, म्हणजे ‘ब्लॅक बॉक्स’ अल्गो, तो देणाऱ्याला रिसर्च अॅनालिस्ट म्हणून सेबीकडे नोंदणी लागते. स्वतः बनवलेला अल्गो तुम्ही स्वतःसाठी आणि नवरा-बायको, अवलंबून असलेली मुलं व आईवडील यांच्यासाठी वापरू शकता. शेजारच्या काकांसाठी नाही, आणि ग्रुपवर विकण्यासाठी तर नाहीच. परताव्याची आश्वासनं देणाऱ्या अल्गोवाल्यांशी ब्रोकर्सनी संबंध ठेवू नयेत, हे तर सेबीने सप्टेंबर २०२२ मध्येच बजावलं होतं.

तेव्हा कोणी अचूकता सांगितली की विचारा: सरासरी नफा किती आणि सरासरी तोटा किती? आलेखातला मागे मोजलेला भाग कुठे संपतो? खर्च धरलाय का? सर्वात मोठी घसरण किती होती आणि ती भरून यायला किती महिने लागले? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. २० टक्के गेले तर परत मूळपदावर यायला २५ टक्के लागतात, ५० टक्के गेले तर शंभर.

स्वतःची सिस्टीम चालवणार असाल, तर पहिला सौदा करण्याआधी आणखी एक आकडा लिहून ठेवा: किती घसरणीला बंद करायचं. तपासणीत सर्वात वाईट घसरण १८ टक्के दिसली असेल, तर खऱ्या आयुष्यात ती त्याहून मोठी होईल असं धरून चालायचं. दीडपट, म्हणजे २७ टक्क्यांना थांबायचं, असं काही. आणि तो आकडा घरातल्या अजून एका माणसाला सांगून ठेवा. डिमॅटमधला तोटा घरच्यांना बहुतेक वेळा पर्सनल लोनचा पहिला हप्ता थकला की कळतो.